साखरेचा खडा दातांत धरून

१९ ऑक्टोबर २००६. एकशे बारा डॉलर ऐंशी सेंट.

व्हाउचर माझ्याच हातचे आहे. दोघांची नोंदणी, प्रत्येकी पस्तीस, म्हणजे सत्तर डॉलर. जाऊन-येऊन दोनशे चौदा मैल, मैलाला वीस सेंट, म्हणजे बेचाळीस डॉलर ऐंशी सेंट. भोजन सभेत विनामूल्य, म्हणून शून्य. पुढच्या महिन्यात मी हॉस्पिटलच्या हिशेबखात्यातून निवृत्त होतो आहे. मुदत संपलेले कागद फाडायच्या ढिगात टाकत होतो, पण हा एक बाजूला ठेवला. त्यावर दोन सह्या आहेत. एक माझी, ऑरिन लोकेन. दुसरी आर्डिस क्वामीची. तिची सही शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरासारखी आहे, गोल आणि न घाबरलेली.

आर्डिस आमच्या हॉस्पिटलात रक्त काढण्याचे काम करायची. नर्स व्हायला निघाली होती, पण दोन सत्रे झाली आणि वडिलांचे अर्धे अंग गेले, म्हणून शेतावर परत आली. पुढे धान्याच्या कोठारावर काम करणाऱ्या पामर क्वामीशी लग्न केले. मुले झाली नाहीत. पामर लवकर गेला. त्याचा पत्र्याचा जेवणाचा डबा तिने धुऊन, पुसून सुया आणि नळ्या ठेवायला घेतला आणि शेवटपर्यंत तोच वापरला. हॉस्पिटलने दोनदा तिला नवी पेटी दिली. दोन्ही पेट्या माझ्या साठ्याच्या यादीत कोऱ्याच राहिल्या.

१९८४ साली विद्यापीठाने आमच्या काउंटीत म्हातारपणाचा अभ्यास सुरू केला. हिवाळ्यात जिथे पारा शून्याखाली तीस अंश जातो, शेजाऱ्याचा दिवा दोन मैलांवर दिसतो, तिथे माणसे कशी म्हातारी होतात आणि कशाने टिकतात, हे त्यांना बघायचे होते. पासष्टीच्या पुढची तीनशे बारा माणसे निवडली; कोणी गेले की त्या जागी दुसरे घेत. दर मार्च आणि ऑक्टोबरमध्ये त्यांचे रक्त, रक्तदाब, वजन आणि एक प्रश्नावली. गावात राहणारे हॉस्पिटलात येत. शेतावर राहणाऱ्यांकडे आर्डिस जायची. त्यासाठी हॉस्पिटलने एका बेकरीची जुनी पावाची गाडी विकत घेऊन पांढरी रंगवली. उन्हाळ्यात ती तापली की आतून अजून पावाचा वास यायचा. आर्डिस म्हणायची, "बरंच आहे. रक्ताचा वास येण्यापेक्षा पावाचा येऊ दे."

दार ठोठावण्याआधी ती गाडीच्या गरम बॉनेटवर दोन्ही तळवे ठेवून उभी राहायची. थंड हाताने म्हाताऱ्या माणसाचे मनगट धरायचे नाही, हा तिचा नियम. सुई टोचताना ती गाईच्या वेताविषयी किंवा रस्त्यावरच्या बर्फाविषयी काहीतरी विचारायची आणि उत्तर संपायच्या आत नळी भरलेली असायची.

मी एकदा तिच्याबरोबर गेलो होतो. १९९१ चा मार्च. निमित्त हिशेबाचे होते. एका घराला वीस मिनिटे आणि मधल्या रस्त्याला तेरा धरली तर सकाळी सहा ते अकरा या वेळात नऊ घरे व्हायला हवीत, आणि आर्डिसची पाचच होत होती. आमच्या व्यवस्थापकांनी मला म्हटले, "बघ जरा, वेळ कुठे जातो."

पहिले घर हिल्मर आणि सेल्मा ऑस्टबी यांचे. हिल्मर तेव्हा त्र्याहत्तरचा होता. दार उघडून त्याने आधी माझ्याकडेच बघितले.

"हिशेबनीसही आलाय आज? काय चोरलं मी हॉस्पिटलचं?"

"अजून सापडलं नाही," आर्डिस म्हणाली, "म्हणून तर तो स्वतः बघायला आलाय."

उंबऱ्यातच उभे राहून तिने कागद काढला आणि पहिला प्रश्न विचारला. "रात्री नऊनंतर काही खाल्लंत?"

"काही नाही. पाणीसुद्धा बेतानं."

"सेल्मा, तुम्ही?"

"छे गं. रीत माहीत आहे आम्हाला."

आर्डिसने दोन्ही कागदांवर खूण केली. उपाशीपोटी, होय. मग आम्ही बूट काढून आत गेलो. टेबलावर कपबश्या आधीच मांडलेल्या होत्या.

"बसा, कॉफी झालीच आहे," सेल्मा म्हणाली.

"नको नको, तुम्ही कशाला त्रास घेता."

"त्रास कसला, घोटभर."

"नाही हो, पुढे चार घरं आहेत."

"मग मी ही एवढी ओतून टाकू का मोरीत?"

"आता टाकणारच असाल तर ओता," आर्डिस म्हणाली आणि खुर्ची ओढली.

आमच्याकडे हे असेच चालते. दोनदा नाही म्हटले नाही तर माणूस हावरा, आणि तिसऱ्यांदा नाही म्हटले तर गर्विष्ठ. आणि पाहुण्याला एकट्याने प्यायला लावणे म्हणजे त्याला दारात आलेला याचक समजणे. म्हणून हिल्मरने आपला कप भरला, सेल्मानेही भरला. साखरेच्या खड्यांची वाटी फिरली. खडा पुढच्या दातांत धरायचा आणि त्यातून काळी कॉफी ओढायची, ही जुन्या माणसांची पद्धत. मीही खडा घेतला. दुसऱ्या कपाला दुसरा. मग सेल्माने हातांनी गुंडाळलेल्या पातळ बिस्किटांची ताटली पुढे केली. हिल्मरने एक उचलले.

"एकच घेतो. हिचं मन राखायला."

"एकेचाळीस वर्षं माझं मन राखतोय," सेल्मा म्हणाली, "पट्टा बघा कुठल्या भोकात आलाय."

पाऊण तासाने आर्डिसने बाही वर करायला सांगितली. नळ्या भरल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या, डबा बंद केला. गाडीत बसल्यावर तिने हातमोजे घालायच्या आधी एक छोटी वही काढून काहीतरी लिहिले.

"हे कुठल्या फॉर्मात आहे?" मी विचारले.

"कुठल्याच नाही. माझं आहे हे. दोन कप, खडे दोन-दोन, गुंडाळी बिस्किटं. नाताळला कार्ड पाठवते ना मी सगळ्यांना. सगळ्यांना 'कॉफीबद्दल आभार' असं एकच लिहिलं तर रविवारी चर्चच्या तळघरात जमले की कार्डं जुळवून बघतील. सेल्माला बिस्किटांचं लिहायचं, तिच्या नणंदेला प्रून घातलेल्या पावाचं. चुकून उलटं झालं तर मला दोन्ही घरं बंद."

मी अहवालात लिहिले: वेळ योग्य कारणी लागतो. सही केली. त्या टेबलावर मीही बसलो होतो. मलाही काही दिसले नाही, हे इथे नमूद करणे आवश्यक आहे.

आता पंधरा वर्षे पुढे, त्या व्हाउचरवर.

विद्यापीठाच्या गावी दरवर्षी आसपासच्या पाच राज्यांची सभा भरायची. वैद्यकीय संशोधन, म्हातारपण आणि खेड्यापाड्यातली आरोग्यसेवा असे तिचे लांबलचक नाव होते. त्या वर्षी आर्डिसला बावीस वर्षांच्या कामाबद्दल जेवणाच्या वेळी मानपत्र देणार होते. ती अडुसष्ट वर्षांची होती. पामरच्या अंत्यविधीला घेतलेला निळा पोशाख तिने घातला होता. वाटेत मी म्हटले, "छान दिसतोस... दिसतेस." माझी जीभ अडखळली, कारण असे काही बोलायची सवय आम्हा कोणालाच नाही.

"वाईट नाही," ती म्हणाली. याच्या वरचे कौतुक आमच्या काउंटीत उपलब्ध नाही.

अभ्यासाचे काम तेव्हा डॉ. केल्सी रॅडमाकर बघत होत्या. पस्तिशीच्या, पूर्वेकडून आलेल्या, भराभर बोलणाऱ्या आणि मनापासून कष्ट करणाऱ्या. त्यांचे भाषण अकराला सुरू झाले. आम्ही मागून तिसऱ्या रांगेत बसलो होतो. त्यांनी पडद्यावर दोन रेषा दाखवल्या. खालची रेषा गावात राहणाऱ्यांची, उपाशीपोटी साखर अगदी नेमकी हवी तेवढी. वरची रेषा शेतावर राहणाऱ्यांची, वीस-बावीस अंकांनी जास्त. बावीस वर्षे, प्रत्येक मार्च, प्रत्येक ऑक्टोबर.

"खाणं तेच, रक्ताची नाती तीच, चर्चही तेच," डॉक्टर म्हणाल्या. "मग फरक कशाचा? विहिरीचं पाणी? फवारणीची औषधं? मला वाटतं, एकटेपणा. एकटं राहणारं शरीर आतून सतत घाबरलेलं असतं."

सभागृहात हलकीशी कुजबुज झाली. लोकांना ते पटले, मलाही पटले. पुढे त्यांनी योजना सांगितली. शेतावरच्या एकशे चाळीस माणसांपैकी निम्म्यांना साखर उतरवणारी गोळी रोज सकाळी द्यायची आणि पाच वर्षे बघायचे. पैसे जवळपास मंजूर होते. त्या पैशांतून पावाच्या गाडीच्या जागी नवी गाडी येणार होती आणि वर्षाला दोनच्या जागी चार फेऱ्या होणार होत्या. पैसे आले नाहीत तर जुनी गाडीसुद्धा बंद होणार, हे मला ठाऊक होते. अंदाजपत्रक मीच केले होते.

आर्डिसने माझी बाही धरली.

"ऑरिन, तो खडा."

"कुठला खडा?"

"साखरेचा. मी प्रश्न दारात विचारते. रक्त कॉफीनंतर काढते."

मी वाणिज्य शाखेचा माणूस. व्यवहार व्हायच्या आधीच नोंद केली तर पुढे काय होते, हे मला कोणी समजावून सांगायला नको होते. गावातले लोक हॉस्पिटलात यायचे, तिथे त्यांना कॉफी कोण देणार? पडद्यावरची वरची रेषा सेल्माच्या टेबलावरून निघाली होती.

"जेवणानंतर त्यांना बाजूला घेऊन सांग," मी कुजबुजलो. "आधी मानपत्र तरी घे."

"आणि मग सांगू? पैसे खिशात टाकून मग माल किडका आहे म्हणायचं?"

"गाडी जाईल, आर्डिस. तुझं नावही जाईल."

"सेल्मा गेल्यापासून हिल्मर सकाळी काही खात नाही. तसाच ट्रॅक्टरवर चढतो. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा आहे." तिने पर्स माझ्या मांडीवर ठेवली. "साखर नसलेल्या माणसाला साखर उतरवायची गोळी देऊन त्या यंत्रावर चढवायचा का?"

माझ्या मनात तेव्हाही गाडीच होती, हे कबूल करतो.

प्रश्नांची वेळ आली. आर्डिस उभी राहिली. कोणीतरी माइक आणून दिला, तो तिने दुधाच्या बाटलीसारखा दोन्ही हातांनी धरला.

"मी आर्डिस क्वामी. ते रक्त मी काढलंय. डॉक्टर, ती माणसं उपाशी नव्हती. रात्रभर होती, मी पोचेपर्यंत होती. मग मला कॉफी द्यायची म्हणून त्यांनीही घेतली. दातांत खडा धरून. कोणी दोन, कोणी तीन. वर बिस्किट. त्याला आमच्याकडे खाणं म्हणत नाहीत, म्हणून त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चूक माझी आहे. त्यांच्या विहिरीत काही नाही."

मागच्या रांगेत कोणी हसले. मग हसणे थांबले.

मोंटानाहून आलेले एक डॉक्टर म्हणाले, "बाई, बावीस वर्षांत तुम्ही एकदाही कॉफी नाकारली नाहीत?"

"नाकारली की. प्रत्येक घरी दोनदा."

डावीकडे बसलेले आमच्या भागातले सगळे मोठ्याने हसले. बाकीचे सभागृह आमच्याकडे बघत राहिले.

डॉ. रॅडमाकर हसल्या नाहीत. त्यांनी समोरचे कागद सरळ केले, पुन्हा सरळ केले. "कोणी, केव्हा, किती घेतलं, हे आता कळायला काही मार्ग नाही," त्या म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो. त्या स्वतःशीच बोलत होत्या.

"आहे," आर्डिस म्हणाली. "वह्या आहेत. नाताळच्या कार्डांसाठी ठेवलेल्या."

जेवणाच्या वेळी मानपत्र द्यायचे की नाही, यावर संयोजक भिंतीशी उभे राहून बोलत होते. शेवटी डॉ. रॅडमाकर स्वतःच ते घेऊन आमच्या टेबलाशी आल्या. डोळे लाल होते.

"आर्डिस, मला तुमचा इतका राग आलाय की काय बोलावं कळत नाही."

"रागावणं बरोबरच आहे. आधी काहीतरी खा. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही."

"नाही खाल्लं."

"बघ," आर्डिस मला म्हणाली, "आज खरंच उपाशी असलेली ही एकच."

तेव्हा मात्र डॉक्टर हसल्या, रडत रडत. खुर्ची ओढून बसल्या आणि आर्डिसच्या ताटातला पाव खाल्ला.

परतताना अर्ध्या वाटेवर एका कॅफेत थांबलो. बाहेर बीट भरलेले ट्रक साखर कारखान्याकडे चालले होते. दोन कॉफी, आणि मलई-मनुकांच्या 'पाय' या भाजलेल्या गोड पदार्थाचा एक तुकडा, दोघांत. आर्डिसने साखरेला हात लावला नाही.

"पामर असता तर काय म्हणाला असता?" मी विचारले.

"म्हणाला असता, गप्प बसता येत नाही का तुला." काटा खाली ठेवून म्हणाली, "आणि मग मला न्यायला ट्रक घेऊन आला असता."

बिल आले. माझ्याकडे पन्नासची एकच नोट होती आणि कॅफेवालीकडे सुट्टे नव्हते. आर्डिसने टीप धरून सहा डॉलर पस्तीस सेंट टेबलावर मोजून ठेवले. मी म्हटले, माझे अर्धे उद्या देतो. ती म्हणाली, घाई नाही.

गोळीची योजना रद्द झाली. पैसे दुसऱ्या राज्याला गेले. पावाची गाडी आणखी पंधरा महिने चालली, मग आम्ही ती एका मधवाल्याला नऊशे डॉलरला विकली. त्या पंधरा महिन्यांत आर्डिस रक्त आधी काढायची आणि दोन नकार नंतर द्यायची. पुष्कळ घरांना ते उद्धटपणाचे वाटले. हिल्मर म्हणायचा, "आता ही आधी टोचते आणि मग गोड बोलते." तो चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेला. वाटीतले खडे त्याने कधी सोडले नाहीत.

वह्या मात्र डॉ. रॅडमाकरांनी नेल्या. चव्वेचाळीस होत्या, दर फेरीला एक. एक हिवाळाभर त्यांनी ओळ न् ओळ उतरवून काढली आणि मग आर्डिसला हाताने लिहिलेले पत्र पाठवले. साखरेचे आकडे कितीही दुरुस्त केले तरी भरवशाचे होणार नाहीत, असे त्यात होते. पण वह्या वाचताना त्यांना दुसरेच काही दिसले होते. घराघरात ताटलीतले प्रकार तीनाचे दोन होत, मग दुकानातली बिस्किटे येत, मग नुसती कॉफी, आणि मग एके दिवशी वहीत ओळ असे: बसा म्हणाली, कॉफी नाही. त्या ओळीनंतर बहुतेक ठिकाणी वर्षाच्या आत माणूस पडले होते, किंवा वृद्धाश्रमात गेले होते, किंवा नुसतेच गेले होते. रक्तात काही दिसायच्या कितीतरी आधी. पुढच्या सभेत त्या यावर दहा मिनिटे बोलणार होत्या आणि आर्डिसने यावे अशी त्यांची इच्छा होती. आर्डिस गेली नाही. पत्र तिने कोठीच्या दाराला आतून चिकटवले, मानपत्राच्या खाली.

मी तिच्याकडे महिन्यातून एकदा जायचो. दरवेळी तीन डॉलर काही सेंट खिशात असत आणि दरवेळी ती म्हणायची, "राहू दे. फिटलं की तू यायचा नाहीस."

२०१८ च्या शरदात तिच्या ताटलीत पहिल्यांदा दुकानातली बिस्किटे दिसली. मी दोन खाल्ली. नाताळला नुसती कॉफी होती. पुढच्या मार्चमध्ये गेलो तेव्हा ती खिडकीशी बसली होती, मांडीवर शाल.

"ये, बस," ती म्हणाली.

टेबल रिकामे होते. तिने माझी नजर बघितली. बावीस वर्षे तिनेच लिहिलेली ओळ होती ती.

मी उठलो आणि शेगडीवर किटली ठेवली. कप कुठे आहेत ते मला माहीत होते.

"नको रे, तू कशाला त्रास घेतोस," ती म्हणाली.

"त्रास कसला."

"मला काही नको, खरंच."

"मग ओतून टाकू?"

"टाकणारच असशील तर ओत."

मी आधी हात किटलीवर गरम केले, मग कप तिच्या हातात दिला आणि वरून माझे तळवे धरून ठेवले, सांडू नये म्हणून. तिने वाटीतला खडा उचलला आणि दातांत धरला. मीही धरला. आमचे बोलणे बर्फाविषयी झाले. निघताना मी पैसे टेबलावर ठेवले, ते तिने बोटाने माझ्याकडे सरकवले.

जूनमध्ये ती गेली. तिला वारस नाही. माझे अर्धे तीन डॉलर साडेसतरा सेंट होतात. अर्धा सेंट मी तिच्या बाजूने धरला आहे. आर्डिस क्वामीला तीन डॉलर अठरा सेंट देणे बाकी.